वापरलेली खुर्ची

जुन्या बाजारात एका सागवानी खुर्चीपाशी मी थांबले. पॉलिश उडालेलं, आणि उजव्या हातावर कुणाच्या तरी कोपराने पाडलेला खळगा. मी नाक मुरडलं. दुकानदार चाचा हसले. "वरून काय बघता ताई? उलटी करून बघा." त्यांनीच ती पालथी घातली. सगळे सांधे घट्ट, कुठे साधी फट नाही.

मला आत्या आठवली. माझ्या घटस्फोटाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एक स्थळ घेऊन आली होती. "तुझं आता दुसरेपण. घासाघीस करू नकोस, मिळेल ते पदरात पाडून घे." नवी खुर्ची वजन पेलेल, असं आपण नुसतं धरून चालतो. हिने मात्र उभा जन्म माणसं पेलली आणि अजून कुरकुरत नाही. मग कमी किंमत हिची का?

मला विचारात पडलेली बघून चाचा म्हणाले, "वापरलेली आहे, दोनशे कमी द्या."

"वापरलेली आहे म्हणून?" मी पर्स उघडली. "मग एक रुपयाही कमी करू नका."