गुरुजींची अमेरिका

आमच्या जुन्नरकडे दशक्रियेला नदीच्या घाटावर माइकवरून श्रद्धांजलीची भाषणं होतात. इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी मला अशा प्रत्येक घाटावर भेटायचे. अगदी पुस्तकी मराठीत ते गेलेल्या माणसाला अमेरिकेचा एखादा थोर पुरुष जोडून द्यायचे. माजी सरपंच गेले, तेव्हा खुर्ची आपणहून सोडून शेतावर परतलेला तिथला पहिला अध्यक्ष आला. खांबावर शॉक लागून वायरमन गेला, तेव्हा विजेच्या अभ्यासासाठी वादळात पतंग उडवणारा आला. मला तर उठून जावंसं वाटलं. वायरमनची बायको मात्र तोंडाला पदर लावून ऐकत होती.

गेल्या महिन्यात गुरुजींचाच मुलगा गेला. दशक्रियेला त्यांनी सवयीनं माइक घेतला, घसा खाकरला, "अमेरिकेत..." म्हणाले आणि थांबले. पिंडाला कावळाही शिवत नव्हता. बायकांतून वायरमनची बायको म्हणाली, "सांगा की गुरुजी. आमच्या मालकांचं लई चांगलं सांगितलं व्हतं."

गुरुजींनी माइक खाली ठेवला.

"सगळी अमेरिका धुंडाळली, बाई," ते म्हणाले. "माझ्या पोराच्या जोडीला कुणीच घावंना."