नारळाच्या अलीकडे अडकणारी डिस्क

आमच्या गावात शिमग्याला पालखी देवळातून उठते, तेव्हा पहिला नारळ मानकऱ्याच्या हातात देतात. तो नारळ गेली कित्येक वर्षं माझा चुलतभाऊ घेत होता आणि तो माझा होता. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो. पुढे मी कुठे हसलोबिसलो तर माझी तक्रार मिटली असं कुणी समजू नये.

माझा बाप थोरला, त्याचा धाकटा. मान थोरल्या घरचा. पण मी सतराव्या वर्षी गाव सोडून रत्नागिरीला आलो, जेटीवर बर्फाच्या लाद्या ओढल्या, पुढे होड्यांची जुनी इंजिनं घेऊन दुरुस्त करून विकायला लागलो आणि मांडवीला घर बांधलं. चुलतभाऊ गावात राहिला, आणि जो राहिला त्याच्याकडे नारळ राहिला. दर वर्षी मी देवळात भांडायचो. दर वर्षी तात्या, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्या गावकरांमधले सगळ्यात वयस्कर, एकच विचारायचे, "तुज्या बापाशीच्या हातात नारळ कुणी बगितलान?"

मी बघितला होता. नऊ वर्षांचा असताना, बापाचा हात नारळावर होता. पण माझ्या डोळ्यांची साक्ष गावाला चालत नव्हती.

मग मला कळलं की त्या वर्षी मुंबईला असलेल्या एका गाववाल्याने व्हिडिओ कॅमेरा आणला होता आणि पुढे ती कॅसेट त्याने डिस्कवर उतरवून घेतली होती. मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने ती डिस्क कोकम सरबताच्या पेल्यावर झाकण म्हणून ठेवली होती. बदल्यात तिला स्टीलची सहा झाकणं हवी होती. तीनवर सौदा ठरला.

डिस्क मी घरी लावून बघितली नाही. फडक्यात बांधून फडक्याला गाठ मारली. आधी एकट्याने बघितलं असतं तर गाव म्हणालं असतं, याने आत काहीतरी घातलंन. संगणक माझ्याकडे होताच. एक संगणकाचा शिकवणीवर्ग बंद पडला, तेव्हा त्यांचे पाच मेलेले संगणक मी घाऊक उचलले आणि पाचांतून एक जिवंत केला. त्याला एकच खोड होती. व्हिडिओ लावायचा प्रोग्रॅम मनात येईल तेव्हा फट्‌दिशी मिटायचा. कधी गाण्यात, कधी बातम्यांत, कधी नुसता उघडला तरी. मी म्हटलं, एवढं तर इंजिनपण करतं.

पालखी उठायला दहा दिवस होते. देवळात गावकरांची बैठक होती. मी टेम्पोत संगणक, पडदा आणि बॅटरी घालून सावर्ड्यावरून आत गावात गेलो आणि सगळं देवासमोर मांडलं. तात्यांनी स्वतः गाठ सोडली. त्या दिवशी प्रोग्रॅम शहाण्यासारखा वागला. पडद्यावर ढोल दिसले, आमचा जुना गुरव दिसला. गुरवाच्या डाव्या हाताला माझा बाप, उजव्या हाताला चुलता. गुरवाने नारळ उचलला, हात पुढे केला, आणि चित्र थांबलं. मधोमध एक गोल चक्र फिरत राहिलं. मग पाटी आली: प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही.

मी बंद करून परत लावला. ढोल, गुरव, बाप, चुलता, नारळ. थांबला. सगळा संगणक बंद करून चालू केला, हात जोडले, लावला. तिथेच थांबला.

सगळे पडदा सोडून देवाकडे बघायला लागले. मला आधी कळेना का. मग तात्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

"झाला," ते म्हणाले. "तीनदा त्याच जाग्याव. कौल मिळाला. देव नाय म्हनतो."

आमच्याकडे वाद सुटेना की देवाला कौल लावतात. मूर्तीला दोन बाजूंना फुलांच्या कळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. तीनदा तेच आलं तर पुढे कुणी बोलायचं नाही.

"अहो तात्या, देवाचा काय संबंध? डिस्क अडकते!"

"मग दुसरीकडं कुटं कशी नाय अडकली?"

"तीनदा इंजिन बंद पडलं तर आम्ही समुद्राला विचारत नाही, फिल्टर बघतो!" मी एवढ्याने ओरडलो की वरची पाकोळी उडाली.

चुलतभाऊ खांबाला टेकून बसला होता. "बग ना मग फिल्टर," तो म्हणाला. "आमी कुटं चाललाव?"

डिस्क दुरुस्त करून आणायला मी पंधरा दिवस मागितले. दहाच शिल्लक आहेत हे मला माहीत होतं, पण मागताना जास्तच मागायचं असतं. ते तीन म्हणाले. आठवर ठरलं. पण तात्यांनी अट घातली: मी आत काही लबाडी करू नये म्हणून डिस्क चुलतभावाच्या खिशात राहील, आणि तो माझ्याबरोबर रत्नागिरीला येईल.

तर ज्याच्या विरुद्ध पुरावा होता, तोच पुरावा खिशात घालून माझ्या टेम्पोत बसला आणि माझ्या घरी राहायला आला. डिस्क अंघोळीलासुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन जायचा.

मी कामाला लागलो. इंजिन बंद पडतं त्याची कारणं तीन: तापलं, तुंबलं, नाहीतर तेल खराब. मी संगणकाची बाजू उघडली, ब्रशने धूळ काढली, टेबलफॅन आत रोखून ठेवला. प्रोग्रॅम मिटला. मी तो काढून पुन्हा टाकला. आता नव्या जोमाने मिटला. शेजारी म्हणाले, अपडेट करा. केलं, तर पडद्यावर फक्त टक्के दिसायला लागले आणि चौऱ्याहत्तर टक्क्यांवर अख्खी दुपार गेली. चुलतभाऊ पंख्याखाली बसून बांगडे खात होता.

"चौऱ्यात्तरावरच हाय काय अजून?" तो दर तासाला विचारायचा.

"तू जेव."

"जेवतोयच."

तिसऱ्या दिवशी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "नारळ कुणाचा ते ठरेल तेव्हा ठरू दे, भाऊजी तोवर मांडवीचे बांगडे संपवतील."

पण त्या तीन दिवसांत मला एक गोष्ट उमगली, आणि ती मला कुणी शिकवली नाही. रोग दोन होते. गाणी लावली तरी प्रोग्रॅम कुठेही मिटायचा, तो संगणकाचा रोग. आणि ही डिस्क लावली की बरोबर नारळापाशी अडकायची, तो डिस्कचा रोग. म्हणजे तिथे डिस्कवरच काहीतरी होतं. हे मी चुलतभावाला समजावलं.

"मी कुटं नाय म्हणतंय?" तो म्हणाला. "पन तिथंच कुणी ठेवलान ता?"

चौथ्या दिवशी आम्ही रत्नागिरीच्या बाजारात लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करणाऱ्या एका बाईंकडे गेलो. पन्नाशीच्या होत्या. चष्मा कपाळावर, समोर दोन पडदे, आणि दोन्हीवर एकच नवरी रडत होती. मी डिस्क दाखवून बोलायला सुरुवात केली: थोरलं घर, धाकटं घर. चुलतभाऊ मधेच बोलला. मी त्याच्या मधे बोललो.

"काका," बाई म्हणाल्या, "माझी पहिली अट. दोघांनीही तोंड बंद ठेवायचं. तासभर."

"पंधरा मिनिटं."

"तास."

अर्ध्या तासावर आणलं.

त्यांनी डिस्क उजेडाला धरली. कडेच्या थोडं आत एक लालसर, वाळलेला डाग होता, पेल्याच्या काठासारखा वाकलेला. त्याच्यावरून बारीक गोल ओरखडे होते. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. फडक्यात बांधायच्या आधी मी धोतराच्या सोग्याने डिस्क गोल गोल पुसली होती. मी गप्प राहिलो. अट होती.

"पुसायची तर मधून बाहेर, सरळ. गोल कधीच नाही." त्यांनी ओल्या मऊ फडक्याने डाग काढला, डिस्क त्यांच्या संगणकात घातली, आणि वाचता येईल तेवढं सगळं हळूहळू उतरवून घेतलं. "तुमचा संगणकपण आणा," त्या म्हणाल्या, "प्रोग्रॅम सारखा मिटतो ना, एक सेटिंग बदललं की थांबेल." मी हाताने नको म्हटलं. दोन कामं सांगितली की दोन्हींचा भाव चढतो.

मग त्यांनी व्हिडिओ लावला. ढोल, गुरव, बाप, चुलता. गुरवाने नारळ पुढे केला. मी खुर्चीच्या कडेवर आलो. आणि चित्र पुढे गेलं.

नारळ बापापुढे आला. बापाने हात उचलला. हाच तो हात, नऊ वर्षांचा असताना मी बघितलेला! त्या हाताने बापाने नारळ चुलत्याकडे ढकलला.

ढोल थांबले होते, त्यामुळे आवाज स्वच्छ होता. "यंदा तू घे," माझा बाप म्हणाला. "पालकी घरात बसली की वाडीला जेवान घालूचा. माज्याकडं पायलीभर तांदूळ नाय."

चुलत्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. "माज्याकडं तरी कुटं हायत, दादा?"

गुरव नारळ घेऊन बापाकडे वळला. बाप एक पाऊल मागे सरला. गुरव चुलत्याकडे वळला. तोही मागे सरला. असे ते दोघे मागे मागे जात राहिले, गुरव नारळ घेऊन त्यांच्या मागे, आणि तिघेही चित्राच्या बाहेर गेले. कॅमेरा जागचा हलला नाही. रिकामं आवार दिसत होतं. एक कुत्रं आलं, बसलं, कान खाजवला. मग एकदम पोरं नाचताना दिसायला लागली. त्या वर्षी नारळ कुणी घेतला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"झाला अर्धा तास," बाई म्हणाल्या. "आता बोललात तरी चालेल."

ज्या मानासाठी मी बारा गावांत तोंड वाजवलं होतं, तो आमच्या बापांनी शेजारच्या भुकेल्या पोरासारखा एकमेकांच्या दारात ढकलला होता. आणि मला ते वर्ष आठवलं. पेज पातळ होती, एवढंच तेव्हा कळलं होतं.

शेवटी चुलतभाऊ म्हणाला, "ह्ये गावात दावायचा?"

मी हिशेब केला. दाखवला तर माझ्या घराची अब्रू गेली आणि त्याच्यापण. सगळी वाडी पुढची चाळीस वर्षं हसणार. "नाही दाखवायचा," मी म्हटलं. "पण मग नारळ वर्षाआड. एक वर्ष तू, एक मी. आणि यंदा मी."

"यंदा मी."

"यंदा मी, आणि वाडीचं जेवण मी घालणार, वर मच्छी मी आणणार."

त्याने बांगड्यांचा विचार केला असावा. "बरा," तो म्हणाला.

मग मी बाईंकडे वळलो. "ताई, हे परत अडकवता येईल का? होतं तिथेच?"

त्यांनी चष्मा काढला. "काका, लोक माझ्याकडे चालू करून घ्यायला येतात."

"येतील ना. आम्हाला बंद करून द्या."

नारळ पुढे येतो तिथलं चित्र त्यांनी दोन मिनिटं तसंच धरून ठेवलं, पुढचं कापलं, आणि नवी डिस्क करून दिली. चुलतभाऊ वाटभर अस्वस्थ होता. "देव बगतोय रे," तो टेम्पोत म्हणाला.

"देवाने तेव्हाच बघितलंय. त्याला व्हिडिओ कशाला?"

ठरल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून संगणक देवळात उतरवला. तेव्हाच खरं तर लोकांना संशय यायला हवा होता. डिस्क लावली. ढोल, गुरव, बाप, चुलता, नारळ. चित्र थांबलं. मी कपाळावर हात मारला, पडद्याला शिव्या दिल्या, टेबलावर थाप मारली. चुलतभावाने तोंडाने "अरेरे" केलं, ते जरा लवकर केलं.

तात्या पुढे झुकले. त्यांची नजर या वयातही घारीची. "चित्र अडाकला," ते म्हणाले, "मग खालचे आकडे कशे पळतायत?"

खरंच पळत होते. थांबलेलं चित्रही चित्रच, प्रोग्रॅम इमानदारीने चालूच होता. एक मिनिट एकवीस, बावीस, तेवीस. मी तोंड उघडलं, काय बोलणार होतो मला अजून माहीत नाही, आणि तेवढ्यात प्रोग्रॅम फट्‌दिशी मिटला. आपणहून. सगळा पडदा निळा झाला.

त्या खटाऱ्याला मी आयुष्यात पहिल्यांदा प्रेमाने हात लावला.

"बघा!" मी ओरडलो. "आता आकडेपण गेले!"

तात्यांनी निळ्या पडद्याला बोट लावून बघितलं. मग चुलतभाऊ उठला आणि ठरल्याप्रमाणे म्हणाला, "तात्या, देव काय एकाला नाय म्हनत नाय. दोगांच्या मदी थांबतोय. म्हंजे नारळ वर्षाआड." गावकरांना जेवायचं होतं. माना हलल्या.

शिमग्याला ढोल वाजले, गुरवाने नारळ माझ्यापुढे केला. मी दोन्ही हातांनी घेतला आणि हात सवयीने कानाशी गेला. मी तो हलवला.

"अरे मेल्या," तात्या म्हणाले, "मानाचा हाय तो! बाजारातला नव्हं!"

पाणी कमीच होतं. पण मी काही बोललो नाही, आणि माझ्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. त्या दिवशी वाडी पोटभर जेवली, आणि तीन पातेली भात उरला. मी मुद्दामच जास्त घातला होता.

आता तात्या राहिले नाहीत. तरी हे लिहायला घेण्याआधी मी चुलतभावाला फोन करून विचारलं.

"लिही," तो म्हणाला. "पन तांदूळ नाय असा आदी तुजा बापूस म्हणाला, ता नीट लिही."

लिहिलं आहे. पण माझ्या बापाने निदान पायलीचं माप तरी सांगितलं होतं. त्याच्या बापाने तेवढंही सांगितलं नाही.