मागचा पडदा

शिंपीणबाईंनी तोंडात धरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मगच गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्षांकडे पाहिलं. तोवर ते दुकानाच्या दारात ताटकळत उभे होते. त्यांना 'बसा' म्हणणं बाईंनी वर्षभरापूर्वीच सोडलं होतं.

"वहिनी, संध्याकाळी कार्यक्रम आहे. पडद्याचं काय?"

गल्लीच्या समारंभात मंच उभारायचा तो बाईंच्या नवऱ्याने, आणि मागचा पडदा बांधायचा तो बाईंनी, ही जुनी रीत. गेल्या वर्षी मंच उभारतानाच नवरा शिडीवरून पडला आणि गेला. पायरी खिळखिळी झाली आहे, हे अध्यक्षांना सांगून सांगून तो थकला होता. पण त्याला पोचवून माणसं घरी परतायच्या आत 'घेतलेली होती म्हणे' अशी कुजबुज गल्लीभर झाली. खोकल्याच्या औषधानेही ज्याला गरगरायचं, त्याच्याबद्दल! ती कुजबुज कुणी सोडली, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"पडदा मिळेल," त्या म्हणाल्या. "पण तो प्यायलेला नव्हता, शिडी मोडकी होती, हे माईकवरून सांगायचं."

"सांगतो की! फोटोला हारही घालतो."

"हार राहू दे. तेवढं बोला."

बाईंनी पडदा स्वतः बांधला. नवऱ्याची गाठ मारली: एरवी घट्ट, पण सुटं टोक ओढलं की क्षणात मोकळी होणारी.

संध्याकाळी नणंद शेजारच्या खुर्चीवरून पुटपुटली, "तोंड जरा सरळ कर. लोक बघतायत."

"बघू देत. त्यांच्याकडून उसनं आणलेलं नाही."

अध्यक्षांनी फोटोला हार घातला, घसा साफ केला. "दिलदार गडी होता हो! आता आनंदाच्या दिवशी एखाद्याचा तोल जातो, माणूसच तो..." पुढच्या रांगेत दोघं फिसकन हसले. "चला, गाणं होऊ द्या!"

बाई उठल्या. नणंदेने धरलेला हात त्यांनी झटकला. मंचावर चढल्या, थेट कोपऱ्यात गेल्या आणि दोरीचं टोक ओढलं.

पडदा भसकन खाली आला. मागे भिंतीला तीच शिडी टेकलेली होती. मोडकी पायरी तारेने आवळलेली, वर दिव्यांच्या माळेचा उरलेला तुकडा लोंबणारा. आजही तीच वापरली होती. नुकतं सुरू झालेलं गाणं थांबलं.

"अगं बाई, ही तीच ना?" मागून कुणीतरी म्हणालं.

"वहिनी, काय तमाशा लावलाय!" हातातला माईक चालू आहे हे अध्यक्ष विसरले होते. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

"पडदा मळलाय," बाई घड्या घालत म्हणाल्या. "धुवायला नेते."

फोटोवरचा हार काढून त्यांनी शिडीच्या त्या पायरीला अडकवला, फोटो पडद्यात गुंडाळला आणि कुणाकडेही न बघता त्या खाली उतरल्या.