हुमनाबादची वीस मिनिटं

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बिदरमधल्या नौबादच्या घरी सकाळचा चहा टाकत होते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. फोन भाचीचा होता, अफजलपूरहून. पहाटे झोपेतच गेली, म्हणाली. आम्ही लिंगायत, आमच्यात दफन करतात, आणि दिवस मावळायच्या आत सगळं उरकावं लागतं. भाचीनं विचारलं, "मावशी, चारपर्यंत येशील न्हवं?" मी येते म्हणाले. कलबुर्गीमार्गे चार तासांचा रस्ता. वेळ हातात भरपूर होता.

नवरा कामासाठी हैदराबादला गेला होता, त्यामुळे मी एकटीच निघाले. आदल्या रात्री आमच्या भागात लाईट नव्हती आणि गाडी अर्धीच चार्ज झाली होती. इलेक्ट्रिक गाडी घेऊन मला तेव्हा वर्ष होत आलं होतं. कॉलेजात शिकवणाऱ्या बाईनं आमच्या गावात अशी गाडी घेणं ही बातमी होती. माझ्या शब्दावर आमच्या स्टाफरूममधल्या दोघांनी तीच गाडी घेतली. शोरूमच्या मॅनेजरनं मला विकताना सांगितलं होतं, "मॅडम, बाकीच्या गाड्या जुन्या होतेत. ही दर अपडेटला नवी होतीय." मला ते पटलं होतं. मोबाईलसारखंच, घरी बसल्या गाडी सुधारत जाणार. मी अपडेटची वाट बघायचे. आलं की काय बदललं ते वाचायचे आणि अक्काला फोन करून सांगायचे.

अक्काला या गाडीचं फार कौतुक होतं. पहिल्यांदा बसली तेव्हा चपला बाहेर काढून बसली. मी गाडी रस्त्याला लावली तरी ती विचारत होती, "चालू झाली का गं? आवाजच येईना." तिला वाचता येत नव्हतं. स्क्रीनवरची अक्षरं म्हणजे तिच्या लेखी नुसते दिवे. म्हणून, पुढच्या एखाद्या अपडेटला गाडी कन्नड, म्हणजे अक्काच्या गावची भाषा, बोलायला लागेल असं मॅनेजर म्हणाला, तेव्हा मी ते तिला लगेच सांगितलं. त्यानंतर प्रत्येक फोनला तिचा एकच प्रश्न. गाडी बोलायली का?

हुमनाबादला हायवेवर एक हॉटेल आहे, त्याच्या आवारात चार्जिंगचं यंत्र आहे. मी दहाच्या सुमारास तिथं पोचले. वायर लावली, गाडी लॉक केली आणि नळावर तोंड धुवायला गेले. रडून डोळे चुरचुरत होते. अर्ध्या तासात निघायचं असा हिशोब होता. परत आले तर स्क्रीनवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, अपडेट चालू आहे, गाडी बंद करू नका. खाली एक रेघ हळूहळू भरत होती.

मी काही दाबलेलं नव्हतं. वायर निघेना, गाडी गिअरमध्ये जाईना. मी मॅनेजरला फोन लावला. घरात मयत आहे, मला चारच्या आत अफजलपूर गाठायचंय, हे सगळं त्याला नीट सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, बिलकुल घाबरू नका. वीस मिनिटं. मी इथं बघायलोय ना, व्हायलंय."

वीस मिनिटांनी रेघ अर्ध्यावर होती. पुन्हा फोन केला. पुन्हा वीस मिनिटं. तेवढ्यात कलबुर्गीची बस येऊन हॉटेलसमोर थांबली. हॉटेलवाला कन्नड माणूस, वयानं माझ्याएवढाच. त्यानं गल्ल्यावरून हाक मारली, "अक्का, बस लागली बघा. बसता का?" कन्नडमध्ये कुठल्याही बाईला अक्का म्हणतात, पण अक्का गेल्यावर तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझा फोन चालू होता, स्पीकरवर. मी मॅनेजरला विचारलं, बस समोर उभी आहे, जाऊ का? तो म्हणाला, "कामून बसनं जाताव मॅडम? बस पोचायच्या आत तुम्ही पोचताव. वीस मिनिटं थांबा फक्त."

मी बस जाऊ दिली.

त्यानंतर तीन फोन झाले. शेवटच्या दोन फोनला तो माझ्याशी बोलताना दुसऱ्या कोणाशी तरी हसत होता, किंवा मला तसं वाटलं. रेघ शेवटाला येऊन अडकली आणि मग स्क्रीन काळी झाली. गाडी लॉक, आत माझी पर्स. हॉटेलवाल्यानं स्वतःच्या खिशातून मला बसच्या तिकिटापुरते पैसे दिले आणि दीडच्या बसमध्ये बसवून दिलं. म्हणाला, गाडीची काळजी करू नका, मी बघतो.

अफजलपूरला पोचायला साडेपाच झाले. भाची अंगणात बसली होती. तिच्याकडे बघितल्यावर मला विचारायची गरज पडली नाही. साडेचारपर्यंत थांबलो, म्हणाली. मठातले स्वामी थांबले, गडीमाणसं थांबली, मग जाणत्यांनी आता थांबता येत नाही म्हणून सांगितलं. तिनं मला शेतात नेलं. उसाच्या कडेला ताजी माती होती आणि तिच्यावर बेलाची पानं. अक्काला विभूती लावून, मांडी घालून आत बसवलेलं. तसं आमच्याकडे बसवतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण ती बसलेली कशी दिसत होती हे मला माहीत नाही. कोणतं लुगडं होतं, हे मी भाचीला विचारलं. हिरवं, ती म्हणाली. हिरवी तिच्याकडे तीन होती. त्यातलं कोणतं, हे मी विचारलं नाही.

दहा-बारा दिवसांनी बिदरला आले तर गाडी उचलून शोरूमला नेलेली. मॅनेजरनं हसून स्वागत केलं. गाडी एकदम ओके आहे, नवं व्हर्जन भारी आहे, बसून बघा म्हणाला. मी दार उघडलं. आतले दिवे निळे झाले, आणि गोड बायकी आवाजात गाडी म्हणाली, "नमस्कार. एल्लिगे होगोण?"

कुठं जायचं, विचारत होती. कन्नडमध्ये.

मी दार लावलं. मॅनेजर बाजूला उभा राहून माझ्या तोंडाकडे कौतुकानं बघत होता. मला आवडलं का ते बघत होता. त्याच क्षणी मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही.

आधी सरळ तक्रार केली. कंपनीचं उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की अपडेटला ग्राहकानं स्वतः स्क्रीनवर संमती दिली, सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी. आणि शोरूमनं ग्राहकाला वेळीच दुसऱ्या वाहनानं जाण्याचा सल्ला दिला होता, पण ग्राहकानं तो मानला नाही. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. संमतीचं खोटं गाडीचं असेल, यंत्राचं असेल. पण सल्ल्याचं खोटं माणसाचं होतं, आणि तो माणूस मला माहीत होता.

मी हुमनाबादला गेले. हॉटेलवाल्यानं मला बघून आधी चहा सांगितला, मग ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह काढला. त्याच्या कॅमेऱ्यातलं जुनं आपोआप पुसलं जातं, म्हणून त्यानं त्या दिवसाचं काढून ठेवलं होतं. कामून ठेवलं विचारलं, तर म्हणाला, "तुम्ही परत येणार हे मला दिसत होतं, अक्का." त्यात दहा वाजून सात मिनिटं स्पष्ट होती. गाडी बंद, आत कोणी नाही, आणि मी पलीकडे नळावर वाकलेली. बसचं बोलणं त्यानं स्पीकरवर ऐकलं होतं, तेही त्यानं लिहून दिलं.

ते सगळं घेऊन मी ग्राहक आयोगात अर्ज केला. पण आयोगाचं काम तारखांनी चालतं आणि मला तेवढा धीर नव्हता. म्हणून मी शनिवार धरले.

दर शनिवारी कॉलेज सुटलं की मी गाडी शोरूमला न्यायचे. स्क्रीन मधूनच काळी पडते अशी तक्रार नोंदवायचे, आणि ती पडतही होती. गाडी आत तपासायला गेली की मी बाहेरच्या सोफ्यावर बसायचे, अगदी दर्शनी. ग्राहक आहे, उठ कोण म्हणणार? गाडी बघायला आलेलं कुटुंब शेजारी येऊन बसलं की मी आपणहून बोलायला लागायचे. मराठी माणसाशी मराठीत, भालकीकडच्या व्यापाऱ्याशी कन्नडमध्ये, जुन्या बिदरमधल्या बायकांशी आमच्या दख्खनी उर्दूत. आवाज चढवायचा नाही, रडायचं नाही. नुसतं काय झालं ते ओळीनं सांगायचं, आणि शेवटी मॅनेजरकडे बोट दाखवायचं. हेच ते, वीस मिनिटंवाले.

माणसं उठून जायची. ती जाताना मॅनेजरच्या चेहऱ्यावर जे यायचं ते बघायला मी आठवडाभर थांबायचे. हे लिहायला मला लाज वाटत नाही. अक्कानंतर मला जेवण गोड लागत नव्हतं, पण शनिवारी रात्री मी पोटभर जेवायचे. नवरा दोनदा म्हणाला की आता हे जरा जास्त व्हायलंय. मी त्याला म्हटलं, तू हैदराबादला होतास.

शोरूमनं आधी चहा दिला, मग फुकट सर्व्हिसिंग देऊ केलं, मग गाडीत घालायच्या नव्या मॅटी. मी फक्त चहा घेतला. स्टाफरूममधल्या त्या दोघांनाही मी सगळं सांगितलं, माफी मागितली, आणि त्यांनीही आपापल्या तक्रारी लिहून दिल्या. एकाच्या गाडीची एका चार्जवरची धाव अपडेटनंतर कमी झाली होती. दुसऱ्याला नको असलेला आवाज बंद करता येत नव्हता.

मग एका रविवारी सकाळी मॅनेजर घरी आला. सोबत बायको. तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा मी ओळखलं, ती माझी विद्यार्थिनी होती, मागच्या बाकावरची, अक्षर फार सुंदर. तोच बोलला. विक्री पडली, वरचे लोक त्याला विचारायलेत, मुलं लहान आहेत. मॅडम, आता माफ करा.

मी त्याला एकच विचारलं. त्या दिवशी तुमच्यासमोर काय दिसत होतं?

तो म्हणाला, "काहीच न्हाई मॅडम. आम्हाला काय दिसत न्हाई. बेंगळुरूचे कंपनीवाले सांगतेत तेच आम्ही सांगतो. त्यांनी वीस मिनिटं म्हटलं, म्हणून मीबी म्हटलं."

"पाची वेळा?"

"पहिल्यांदाच म्हटले होते त्यांनी. नंतर त्यांनी फोनच उचलला न्हाई."

म्हणजे नंतरची चार वेळा त्यानं मनानंच सांगितलं होतं. बस समोर उभी असताना सांगितलं तेही. मी आतून कागद आणि पेन आणलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. हेच लिहा म्हणाले, आणि दुसऱ्या वाहनानं जायला सांगितलं नव्हतं हेही लिहा. तो म्हणाला, नोकरी जाईल. मी म्हणाले, जाईल. त्यानं बायकोकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. शेवटी त्यानं लिहिलं आणि सही केली. जाताना तिनं पुन्हा नमस्कार केला नाही.

तो कागद आयोगापुढं गेल्यावर कंपनीचा वकील मवाळ झाला. गाडी परत घ्यावी आणि लेखी माफी मागावी असा आदेश झाला. पहिल्या माफीत लिहिलं होतं, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मी ती परत पाठवली. ज्या गोष्टीला मी मुकले तिचं नाव घाला म्हणून कळवलं. दुसऱ्या पत्रात बहिणीचं अंतिम दर्शन असे शब्द होते. ते मी ठेवून घेतलं. अपडेट सुरू करायचं बटण कोणी दाबलं हेही मी विचारलं होतं. कोणी दाबलं नाही, ते आपोआप चालतं, असं उत्तर आलं. तिथं मला कोणी सापडलं नाही. ज्याचा चेहरा मला माहीत होता तो एकच होता, आणि त्याची नोकरी गेली.

मी आता जुनी पेट्रोलची गाडी वापरते. रेडिओ सोडला तर तिच्यात बोलणारं काही नाही.

गेल्या उन्हाळ्यात घराच्या टाकीची मोटर जळाली. परीक्षेच्या कामाला कमलनगरला गेले होते, येताना रस्त्यावरच्या एका दुकानात शिरले. गल्ल्यामागं तोच मॅनेजर उभा होता. केस पिकलेले, शर्टाच्या खिशात टेस्टर. त्यानं मला ओळखलं, स्टूल पुढं केलं, पाणी दिलं. मी मोटर बघायची म्हणाले. त्यानं एक खोक्यातून काढून दाखवली. मी दुसरी मागितली. मग तिसरी, वरच्या फळीवरची, शिडी लावून काढावी लागणारी. किती फूट पाणी चढतं, वाइंडिंग कसलं आहे, वॉरंटी कोण देतं, सगळं विचारलं. तो घाम पुसत सांगत राहिला. त्यानं सगळं खरं सांगितलं, हेही मला कळत होतं. एका मोटरबद्दल तर तो आपणहून म्हणाला, "ही नका घेऊ मॅडम, गरम होतीय."

मी पाण्याचा ग्लास न पिता ठेवला, उठले, आणि शेजारच्या दुकानातून मोटर घेतली. त्याच्या दारावरूनच नेऊन ती गाडीत ठेवायला लावली.

घरी आल्यावर भाचीला फोनवर हे सांगितलं. जेवलीस का, एवढंच तिनं विचारलं.