लूमच्या खुणा घेऊन पाल्प्याच्या बालवाडीत

"तुमले ऐकू येत नही, आन पोरेसले काय शिकाडशात?"

नेपाळला निघालो तेव्हा आमच्या मंडळींनी दारातच हा आहेर केला. बायको खोटं बोलत नव्हती. सुरतेत लिंबायतच्या लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, तीस वर्षं काढली, कानांनी कधीच मान टाकलेली. पण कबूल कोण करतो! मी आपला म्हणायचो, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

झालं असं, की आमच्या खात्याचा जुना वॉचमन टेकबहादुर नेपाळात, पाल्पा जिल्ह्यातल्या आपल्या गावी परतला. त्याची मुलगी सरिता लहानपणी इथेच राहिलेली, आता गावात बालवाडी चालवते. तिची मदतनीस बाळंतपणाला गेली. टेकबहादुर फोनवर म्हणाला, "भाई, घर पे बैठ के क्या करते हो? आ जाओ, तीन हफ्ते बच्चे सँभालो." मलाही घरी बसून माशा मारायचा कंटाळा आलाच होता.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. सुरतहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, स्लीपरने सव्वा दिवस धरा. तिथून सोनौलीची बस, तीन तास. सरहद्द चक्क पायी ओलांडायची. मतदार कार्ड बरोबर ठेवा आणि शंभराच्या नोटा ठेवा, मोठी नोट बघून दुकानदार तोंड वाकडं करतो. पुढे बुटवलहून तानसेनची बस घाट चढते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि ड्रायव्हर गाणं म्हणत स्टिअरिंग फिरवतो. माझ्या पिशवीत कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ आणि ठेचा होता, ती पिशवी मी घट्ट धरून बसलो. तानसेनहून जीपने दीड तास धूळ खाल्ली की गाव.

गाव बघून जीव निवला. मक्याची शेतं पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरलेली, सकाळी दरीत ढग बसलेले. आणि काय ती शांतता! कोंबडं आरवलं तर पलीकडच्या डोंगरावरून उत्तर यायचं, असं टेकबहादुर सांगायचा. मला एकच कोंबडं ऐकू यायचं.

बालवाडी म्हणजे पत्र्याची एक खोली आणि अठरा पोरं. पहिल्याच दिवशी मी प्रेमाने म्हणालो, "आओ बच्चों, बैठो!" निम्मी पोरं रडायला लागली. सरिता धावत आली.

"बाजे, ये लूम का खाता नहीं है!" तिकडे आजोबांना बाजे म्हणतात. "और इधर कोई बहरा भी नहीं है. धीरे बोलो ने!"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. खात्यात शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही, म्हणून आवाज चढतो तो कायमचा. मग मी तोंड मिटलं आणि खात्यातली दुसरी भाषा काढली, हातांची. दोन बोटं एकमेकांत अडकवून झटक्यात सोडवली की धागा तुटला. चिमटीने गाठ मारली की जोड. मूठ आवळली की थांब. अंगठा ओठाला लावला की पाणी. पोरांना खेळच मिळाला.

सगळ्यात आधी शिकली ती फूलमाया. साडेचार वर्षांची, कोपऱ्यात बसणारी, कधी न बोलणारी. सरिता म्हणाली, "जिद्दी है बाजे. बुलाओ तो देखती नहीं. इसकी माँ दसैं के बाद नहीं भेजेगी. कहती है, लाटी है, पढ़ के क्या करेगी?" लाटी म्हणजे मुकी. आणि दसैं, म्हणजे आपला दसरा, महिन्यावर आलेला.

जेवणाची वेळ झाली की सरिता ताट वाजवायची. सगळी पोरं वळायची. फूलमाया त्यांच्याकडे बघायची आणि मग वळायची. तिसऱ्या दिवशी ते माझ्या ध्यानात आलं आणि हातातला घास हातातच राहिला. कारण घरी मी तेच करतो. सगळे हसले की हसतो.

दुसऱ्या दिवशी ती चित्र काढत असताना मी तिच्या मागे उभा राहून ताट बडवलं. बाकीच्यांनी कानांवर हात ठेवले. फूलमायाचा खडू चालतच होता.

सरिता फूलमायाशेजारी जाऊन बसली. "मैं दो साल से डाँट रही हूँ, बाजे."

संध्याकाळी फूलमायाच्या आईच्या घरी गेलो. बाई गवताचा भारा उतरवत होती. ढिंडो वाढला, आपल्या घाट्यासारखाच, वर आंबवून वाळवलेल्या पाल्याची आंबट भाजी. असं खाल्लं की ठेच्याची आठवणही झाली नाही. मी म्हणालो, पोरगी मुकी नाही, तिला ऐकू येत नाही, तानसेनच्या इस्पितळात दाखवा, बालवाडी सोडवू नका. सरिता ते नेपाळीत सांगत होती. बाईने काहीतरी विचारलं. सरिताला सांगायला जड गेलं.

"पूछती है, बाजे ने अपने कान दिखाए?"

मी ढिंडोकडे बघितलं. मग कबूल केलं, "नहीं दिखाए." बाई म्हणे, "मग दोघं दाखवू. तुम्ही तिकडे, आम्ही इकडे."

तीन आठवड्यांनी सुरतला घरी आल्यावर पिशवी ठेवली आणि म्हणालो, "चल, कान दाखवायला." मंडळी तांदूळ निवडत होती, ताट तसंच टाकून उठली. आता डाव्या कानात यंत्र आहे. पहिल्या दिवशी कळलं, आमच्या घराचा पंखा किती कुरकुरतो. आणि मंडळी स्वयंपाक करताना गुणगुणते. कधीपासून, ते विचारायला धीर झाला नाही.

दसैंनंतर सरिताचा व्हिडिओ कॉल आला. फूलमाया पहिल्या रांगेत, कानामागे यंत्र. नुसत्या यंत्राने भागणार नाही म्हणून सरिताही हातांनी बोलते आणि अठराच्या अठरा पोरांचे हात चालतात. मी विचारायला तोंड उघडलं तोच चित्र गोठलं. नेटवर्क गेलं.

परत आलं तेव्हा फूलमाया फोनच्या अगदी जवळ उभी होती. दोन बोटं अडकवून तिने झटक्यात सोडवली, धागा तुटला. मग माझ्याकडे बघत, चिमटीने हळूच गाठ मारली.