केबिनमधली पाच सिलिंडरं

आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आग विझवायची पाच लाल सिलिंडरं होती आणि पाचही मालकांच्या केबिनमध्ये, एसीखाली, ओळीनं टांगलेली. दसऱ्याला त्यांची पूजा व्हायची. ती तपासायला वर्षातून एकदा एक माणूस परभणीहून यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कलिंगड पारखावं तसा तो प्रत्येक सिलिंडर बोटानं वाजवायचा, मग दाबाच्या काट्यावरचं हळदीकुंकू बाहीनं पुसायचा.

यंदा त्यानं मला विचारलं, "मुनीमजी, कापूस कुठं हाय?"

"मागच्या शेडात. बाया निवडायल्यात की."

"मग आग लागली की तिला हितंच बोलवा. एसी बी हाय."

मी हसलो. तो हसला नाही. त्यानं एक सिलिंडर उचललं, शेडाच्या दाराशी भक्कम खिळा ठोकून त्याला टांगलं आणि निघून गेला.

आठवड्यानं सरकारी तपासणीचे साहेब येणार होते. ओळीत चारच दिसली तर बरं दिसणार नाही, म्हणून पाचवं मीच परत आणलं. साहेब ओळ बघून खूश झाले.

शेडात खिळा तेवढा राहिला. बाया त्याला आता भाकरीच्या पिशव्या अडकवतात.