ओहोटीचं पत्र

"छापणार! माझ्याविरुद्ध आहे म्हणूनच पहिल्या पानावर छापणार!"

काका माझ्या गॅरेजमध्ये ओरडत होते. आवाज असा, की जवळच्या पापाकुरा स्टेशनात उभी असलेली ट्रेन गार्डची शिट्टी समजून सुटली. समोर मंडळाची कमिटी, हातातले समोसे हातातच.

काका आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, आणि मंडळाच्या चारपानी मासिकाचे संपादकही तेच. काकूंना घेऊन भारतातून मुलाकडे राहायला आले ते इथलेच झाले. चहात साखर जास्त पडली तरी म्हणायचे, "छापून टाकू!"

ही खोड त्यांना एका जुन्या नगराध्यक्षाने लावली. एकोणिसाव्या शतकातला गोरा. बोटीतून छापखाना घेऊन आला, एका लहानशा गावात पेपर काढला आणि पुढे तिथलाच नगराध्यक्ष झाला. गटारं तुंबली की आपल्याच पेपरात स्वतःला झोडपायचा. शेवटी लोकांनी पाडलं, तर तीही बातमी त्यानेच छापली, मोठ्या टायपात. तिथल्या म्युझियममधल्या त्याच्या फोटोला काका हात जोडून माओरीत नमस्कार घालायचे, "किया ओरा, संपादकसाहेब!" फोटोतल्या त्या लांब दाढीत एकदा मेंढी हरवली होती, असं काका सांगत. मी सांगताना दोन सांगतो.

तर झालं असं. काकांनी गणपती विसर्जनाची वेळ पुण्याच्या पंचांगातून काढली. हिल्सबरोच्या किनाऱ्यावर पोचलो, तर ओहोटीने समुद्र पार ऑस्ट्रेलियाला गेलेला. ढोल-ताशांसकट सगळे गुडघाभर चिखलात. कोरडे काय ते बाप्पा, पाटावर. माझी एक जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, अजून तिथेच आहे. एव्हाना तिला पालवी फुटली असेल.

त्यावर संपादकांना पत्र आलं : "अध्यक्षांना समुद्र कळत नाही. त्यांना बदला." खाली सही काकूंची. आणि मंडळाची निवडणूक आठवड्यावर.

"काका, निवडणुकीनंतर छापा ना. घाई काय आहे?" कमिटीतला एक जण पुटपुटला, त्यावरचा तो आरडाओरडा.

मी काकांना बाहेर नेलं. तिथे आवाज एकदम खाली आला. "अरे, घरात मी नुसता बाबा. जन्मभर कारकुनी केली. अध्यक्षसाहेब अशी हाक पहिल्यांदा इथे ऐकली. मला ती खुर्ची हवी आहे रे. फार हवी आहे."

आणि पत्र छापलं. काका पडले. पुढच्या अंकात पहिल्या पानावर स्वतःचा पराभव, मोठ्या टायपात.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मासिक आता मोबाईलवर येतं. त्यात सगळेच कार्यक्रम यशस्वी होतात. तुम्हीही वाचलं असेल.

परवा काकूंकडे गेलो होतो. न राहवून म्हटलं, "काकू, तेव्हा ते पत्र मागे घ्यायचं होतं तुम्ही."

काकू मेथी निवडत होत्या.

"घेतलं होतं," म्हणाल्या. "तरी छापलं."